गणपतीत मिळालेली छोटी बॅग पावस-रत्नागिरी एसटीत चालेल का?

वाचकांचं पत्र: नमस्कार. मी पावसला राहते आणि रत्नागिरीत एका पतसंस्थेत नोकरी करते. जाणं-येणं रोज एसटीने. गणपतीला धाकटी बहीण दुबईहून आली, तेव्हा तिने मला एका नामांकित परदेशी कंपनीची छोटी बॅग दिली. मोतिया रंगाचं मऊ चामडं आहे, आतल्या चिठ्ठीवर लॅम्बस्किन लिहिलंय. खांद्याला सोनेरी साखळी, वर झाकण, त्याला चुंबकाचं बटण. लांबी २० सेंटिमीटर, उंची १४, जाडी ६. लेबल अजून काढलेलं नाही. बहीण म्हणते, रोज वापर, कपाटात ठेवायला दिलेली नाही. सासूबाई म्हणतात, एवढी महागाची वस्तू एसटीत नेतात का, लग्नाकार्याला काढ. दोन वर्षांपूर्वी माझी एक चांगली पर्स कपाटातच बुरशी येऊन गेली, त्यामुळे मन धजत नाही. मला रोज मोबाइल, चष्मा, किल्ल्या, पाकीट, रक्तदाबाच्या गोळ्या, ओळखपत्र, डबा, पाण्याची बाटली आणि छत्री लागते. ही बॅग रोजची होईल का? आणि ती खराब न करता हे कसं ठरवायचं? – स्वाती, पावस

प्रिय स्वातीताई,

तुमची आधीची पर्स एसटीत खराब झाली नाही, कपाटात झाली. हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे आणि तिथूनच सुरुवात करायला हवी. चामड्यात तेल असतं, वापराने त्यात हाताचा घाम आणि धूळ मुरते, आणि हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की बुरशीला तेवढं खाद्य पुरतं. रत्नागिरीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. चिऱ्याच्या भिंतीला टेकलेलं बंद कपाट, आत हवा हलत नाही, उजेड नाही. अशा जागी नवी कोरी बॅगही महिन्याभरात पांढुरकी होते. रोज हाताळली जाणारी, वाऱ्यावर फिरणारी, संध्याकाळी पुसली जाणारी बॅग त्या मानाने सुरक्षित राहते. म्हणून वापरायचं की नाही, या प्रश्नावर आम्ही बहिणीच्या बाजूने आहोत.

पण सासूबाईंची काळजी खोटी नाही. लॅम्बस्किन म्हणजे कोकराचं चामडं. पातळ, लोण्यासारखं मऊ, आणि नखाचा ओरखडासुद्धा लक्षात ठेवणारं. त्यात रंग मोतिया, आणि तुमच्याकडची माती लाल. तेव्हा ‘बॅग रोज वापरता येते का’ हा एक प्रश्न आणि ‘ही बॅग तुमच्या रोजच्या दिवसाला पुरते का’ हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर घरात बसून, लेबल न काढता, दोन संध्याकाळींत मिळतं.

त्याआधी एक काम आजच करा. बहिणीला फोन करून पावती आहे का आणि बदलून घेण्याची मुदत किती ते विचारा. दुकानं साधारणपणे न वापरलेली, लेबल लावलेली आणि पावती असलेलीच वस्तू बदलून देतात. गणपतीला झालेले दिवस बघता मुदत संपलीही असेल, पण विचारल्याशिवाय लेबल कापू नका. धातूवर चिकटवलेला पातळ पारदर्शक कागदही तोवर राहू द्या.

पहिली संध्याकाळ: वर्तमानपत्र आणि वजनकाटा

बाहेरून २० बाय १४ बाय ६ असलेल्या बॅगेत आतून साधारण १८.५ बाय १२.५ बाय ५ एवढीच जागा उरते, कारण चामडं, अस्तर आणि मधला पुठ्ठा आपली जाडी घेतात. म्हणजे जेमतेम सव्वा लिटरच्या आत. फूटपट्टीने आतलं माप स्वतः घ्या. मग वर्तमानपत्रावर त्या मापाचा चौकोन काढा आणि त्यावर तुमच्या वस्तू मांडा. एकावर एक ठेवताना थर पाच सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. बॅगेला हात न लावता निम्मा निकाल इथेच लागतो.

मोबाइल मोठ्या पडद्याचा असेल तर तो कव्हरसकट साधारण साडेसोळा सेंटिमीटर लांब, आठ रुंद आणि एकाहून थोडा जास्त जाड असतो. साडेबारा उंचीत तो उभा मावणार नाही, आडवाच ठेवावा लागेल. आडवा ठेवला तर बसतो. खरी अडचण चष्म्याच्या डबीची. टणक डबी सोळा बाय सहा बाय चार असते. मोबाइलची जाडी तिच्यापुढे मिळवली की पाचच्या वर जातं आणि झाकण फुगतं. चुंबकाचं बटण ओढून लागेल, लागलेलं दिसेलही, पण झाकणाचं मऊ चामडं त्या ताणाने आठ-पंधरा दिवसांत सैल पडतं आणि मग ते पुन्हा मूळ आकाराला येत नाही. छोट्या बॅगांचं सगळ्यात जास्त नुकसान पावसाने नाही, या कोंबण्याने होतं. म्हणून चष्म्यासाठी मऊ कापडी पाकीट घ्या. घडी घातलेला चष्मा त्यात तीन-साडेतीन सेंटिमीटरला बसतो, आणि त्याच्या शेजारी किल्ल्यांना जागा राहते.

लांबट लेडीज पाकीट यात जाणार नाही, तो नाद सोडा. त्याऐवजी दहा बाय सातचं कार्डांचं छोटं पाकीट ठेवा: ओळखपत्र, एटीएम कार्ड, आधार, दोन-तीन नोटा. सुट्ट्यांसाठी मात्र वेगळा बटवा हवाच. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आहे आणि कंडक्टर सुटे मागतोच. नाणी मोकळी टाकली तर झाकणाच्या कडेने निसटून तळाशी अस्तरावर घासत राहतात. किल्ल्यांचंही तेच. आपल्याकडच्या हवेत लोखंडी किल्लीला गंज धरतो आणि त्या गंजाचा डाग फिक्या अस्तरावरून जात नाही. किल्ल्या कापडी बटव्यात ठेवा. गोळ्यांची पूर्ण पट्टी न ठेवता दोन दिवसांच्या गोळ्या कापून ठेवा, पण कापलेल्या पट्टीचे कोपरे सुरीसारखे असतात, त्यांना कागदाची घडी द्या किंवा त्याही बटव्यात टाका.

बॉलपेन, सॅनिटायझर, हाताला लावायचं क्रीम आणि ओला गजरा यांतलं काहीही या बॅगेत जाऊ नये. शाई चामड्यात उतरली की निघत नाही. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल वरचा रंगच सोडवतं. पतसंस्थेत शिक्के मारता, तेव्हा स्टॅम्प पॅडची शाई बोटाला असणार. बॅगेला हात लावण्याआधी बोटं बघायची सवय लावून घ्या.

डबा, बाटली आणि छत्री यांचा विचार या बॅगेच्या संदर्भात करूच नका. तिघडी छत्री मिटून चोवीस-पंचवीस सेंटिमीटर लांब असते, पाचघडीही सतरा-अठराची असते आणि तिने सगळी बॅग व्यापते. या तीन वस्तूंसाठी जाड कापडाची किंवा नायलॉनची पिशवी वेगळी न्यायची. छोटी बॅग अंगावर, पिशवी हातात. दोन वस्तू सांभाळणं ज्यांना नको वाटतं, त्यांनी छोटी बॅग रोजसाठी घेऊच नये. कितीही आवडली तरी महिनाभरात ती घरी राहायला लागते.

आता हा सगळा ऐवज रिकाम्या बॅगेसकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. साखळीच्या बॅगा मुळातच जड असतात, धातूचं वजन त्यात धरलेलं असतं. भरून एक किलोच्या आत राहिली तर रोज चालेल. त्याहून जास्त झाली तर साखळी खांद्यावर वळ उठवेल.

दुसरी संध्याकाळ: साडी, पदर आणि साखळी

हात मोकळे राहावेत म्हणून फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलने फेब्रुवारी १९५५ मध्ये साखळीने खांद्याला अडकवायची बॅग काढली, आणि महिना-वर्षावरूनच तिला २.५५ हे नाव मिळालं. तुमच्या बॅगेची जातकुळी तीच. ती काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साडी मात्र नव्हती, त्यामुळे ही परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागेल.

ऑफिसला नेसता तशीच साडी नेसा, पदर पिनअप करा, बॅग भरा आणि घरात वीस मिनिटं चाला. जिना असेल तर दोनदा चढा-उतरा. पदर डाव्या खांद्यावर असतो, तेव्हा बॅग उजव्या खांद्यावर अडकवा. डाव्या खांद्यावर ती सिंथेटिक साडीवरून सतत घसरेल आणि कॉटनच्या साडीचा पदर ओढेल. आडवी, म्हणजे एका खांद्यावरून दुसऱ्या बाजूला घेतली तर पदराच्या निऱ्या चुरगळतात आणि मंगळसूत्र साखळीत अडकतं. साडीच्या दिवशी उजवा खांदा किंवा साखळी दुहेरी करून कोपरावर, आणि ड्रेसच्या दिवशी आडवी. हे वाटून घेतलं की बरंच सोपं होतं.

साखळीच्या कड्या तपासायला एक जुनी शिफॉनची ओढणी घ्या आणि पूर्ण साखळी तिच्यावरून हळू ओढा. धागा कुठे अडकला तर त्या कडीचं तोंड नीट मिटलेलं नाही. एका-दोन कड्यांचंच असेल तर सोनार किंवा घड्याळजी पकडीने दाबून देतो, पण ते बॅग ठेवायचं पक्कं झाल्यावर. सगळ्याच कड्या धागा धरत असतील तर साखळी बाजूला ठेवून दोन सेंटिमीटर रुंद चामडी पट्टा लावता येतो, अट एवढीच की साखळी हुकाने निघणारी हवी. झाकणाच्या भोकांतून ओवलेली असेल तर ती काढायच्या भानगडीत पडू नका.

चालून झाल्यावर एका हाताने, न बघता मोबाइल काढून बघा. पाच सेकंदांत निघाला पाहिजे. एसटीत उभ्याने दांड्याला धरलेलं असताना तुमच्याकडे एकच हात असतो. झाकण उघडल्यावर आतलं बाहेर सांडतंय का, तेही बघा. चेन (झिप) नसलेल्या बॅगेला गर्दीत हा धोका कायम राहतो, म्हणून झाकणाची बाजू अंगाकडे ठेवायची.

या दोन संध्याकाळींनंतर ठेवायची की बदलायची, ते ठरवा. आमचं मत स्पष्ट सांगतो. बदलून मिळत असेल तर बदला. बहिणीची पसंती, कंपनी सगळं राहू द्या, पण चामडं दाणेदार घ्या, किंवा बारीक आडव्या-उभ्या रेघांचा ठसा असलेलं, ज्याला साफियानो म्हणतात ते. ठशाच्या चामड्यावर ओरखडा लपतो आणि वरच्या लेपामुळे पाण्याचा थेंब टिकत नाही. रंग तपकिरी, गडद निळा किंवा विटकरी. लांबी २२ ते २४ आणि जाडीही थोडी जास्त, म्हणजे चष्म्याची डबी जाईल. आणि वर चेन. ‘आवडली नाही’ असं बहिणीला सांगावं लागत नाही. ‘रोज वापरायची आहे म्हणून घट्ट चामड्याची हवी’ हे तिला पटेल, तिने दिलीच रोजसाठी.

बदलून मिळत नसेल, किंवा हीच मनात भरली असेल, तर पुढचं वाचा. तेही जमण्यासारखं आहे, फक्त शिस्त जास्त लागते.

लेबल काढल्यावर

धातूवरचा पारदर्शक कागद आता आधी काढा. ओरखडे पडू नयेत म्हणून तो कितीतरी जणी वर्षभर ठेवतात आणि आपल्या हवेत तेच चुकतं. कागदाच्या कडेने खारा दमटपणा आत शिरतो, आतच राहतो आणि सोनेरी मुलाम्यावर काळे ठिपके उठतात.

मग झाकणाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, काडीच्या टोकाने टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभराने टिपा. थेंब तसाच उभा राहिला तर चामड्यावर लेप आहे. लगेच गडद डाग पडून आत मुरला तर चामडं उघडं आहे आणि पावसाळ्यात ही बॅग बाहेर न्यायची नाही, हे तिथेच ठरलं. त्याच जागी पांढरं, किंचित ओलसर सुती फडकं दहा वेळा फिरवून रंग सुटतोय का बघा. मोतिया रंगात बॅगेचा रंग साडीला लागण्याची भीती कमी. उलटी भीती खरी आहे. नवी काळी लेगिंग, गडद निळी जीन्स, कच्च्या रंगाचा खादी कुर्ता यांचा रंग बॅगेच्या मागच्या बाजूला बसतो आणि तो कायमचा बसतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत असे कपडे आणि ही बॅग एकत्र नको.

पाणी अडवणारा स्प्रे मारायचा असेल तर चामड्यासाठी असलेलाच घ्या, त्याच लपलेल्या जागी मारून एक दिवस थांबा, डाग नसेल तरच वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून दोन पातळ हात द्या. बुटांसाठीचा सिलिकॉनचा स्प्रे लॅम्बस्किनवर ठिपके पाडतो.

बारा दिवसांची चाचणी

पाऊस सरला आहे, ही वेळ चांगली. सलग बारा कामाचे दिवस ही बॅग न्या आणि कालनिर्णयच्या रकान्यात रोज एखादं अक्षर लिहा. बॅगेत न मावल्यामुळे वस्तू हातात धरावी लागली तर ‘ह’, खांदा दुखला तर ‘ख’, नवा डाग किंवा ओरखडा दिसला तर ‘ड’. बारा दिवसांत तीनहून जास्त ‘ह’ आले तर बॅग तुमच्या दिवसाला लहान आहे, आणि सवय होईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. ‘ख’ दोनदा आला तरी पट्टा बदला किंवा साखळीखाली चामडी पट्टी घाला. ‘ड’ आठवड्याला एकापेक्षा जास्त दिसले तर रोजचा प्रवास तिच्या बेताचा नाही. मग ती बिनएसटीच्या कामांसाठी ठेवा: बाजार, बँक, देऊळ, पाहुण्यांकडे जाणं. तेवढाही वापर कपाटापेक्षा बरा.

एसटीत बॅग मांडीवर, खाली रुमाल. रेक्झिनच्या सीटवर किंवा वरच्या रॅकमध्ये नाही. छोट्या बॅगेचे चार खालचे कोपरे सगळ्यात आधी झिजतात, कारण प्रत्येक वेळी ती टेकते तिथेच, आणि कोकराच्या चामड्याचा रंग कोपऱ्यावर एकदा उडाला की तो भरून काढायला कारागीर लागतो. ऑफिसमध्ये टेबलाच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलर-पिनांबरोबर ती ठेवू नका, खुर्चीच्या पाठीला अडकवा. स्कूटरवर डिकीत तर कधीच नाही. उन्हात उभ्या डिकीच्या उष्णतेने कडांवरचा रंगाचा लेप मऊ होतो आणि नंतर तडकतो.

तुमच्या वाटेवरच्या भाट्याच्या पुलावर एसटीची खिडकी उघडी असते, खारा वारा थेट आत येतो. त्यातलं मीठ दिसत नाही, पण धातूवर बसतं आणि बारीक खड्डे पाडतं. घरी आल्यावर साखळी आणि बटण कोरड्या मऊ फडक्याने पुसा, आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने, मग लगेच कोरड्याने. पितळेची भांडी चकचकीत करायची सवय असलेल्या घरात एक मोह होतो, तो टाळा. चिंच, आमसूल, लिंबू, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही या धातूला लावायचं नाही. भांडं आतबाहेर पितळेचं असतं. बॅगेवर मात्र दुसऱ्या धातूवर दिलेला सोनेरी मुलामा केसाहून पातळ असतो, आणि आमसुलाच्या एका हाताने तो जाऊ शकतो.

लाल धुळीचं तंत्र वेगळं. आधी कोरडा मऊ ब्रश, नवा दाढीचा ब्रश उत्तम, वरून खाली फिरवायचा. शिवणीत आणि झाकणाच्या घडीत जास्त वेळ. मग फडकं. क्रम उलटला, म्हणजे ओलं फडकं आधी लावलं, तर जांभ्याच्या धुळीचा लाल चिखल होतो आणि मोतिया चामड्याच्या छिद्रांत जाऊन बसतो. बाळाला पुसायचे ओले टिश्यू सोयीचे वाटतात, पण त्यांतलं द्रावण वरची चमक घेऊन जातं.

मासळी घ्यायच्या दिवशी छोटी बॅग घरी ठेवा. मासळीच्या पाण्याचा एक थेंब अस्तरात गेला तर वास निघत नाही, आणि तो झाकायला मारलेलं अत्तर दुसरा डाग पाडतं. उन्हाळ्यात आंबा, फणस आणि ओले काजू सोलतानाचा चीक हाताला असेल तर तेल लावून, साबणाने धुऊन, मगच बॅग.

नारळाचं तेल लावू नका, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे लाकडापासून केसांपर्यंत सगळ्यावर उपाय तोच. चामड्यावर ते गडद चट्टे पाडतं, खवट होतं आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. चामड्याचं क्रीम घ्या, रंगहीन, आणि तेही वाटाण्याएवढं, फडक्यावर घेऊन, वर्षातून दोनदा: एकदा दिवाळीनंतर, एकदा एप्रिलमध्ये. घाटावरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यांना तीन-तीन महिन्यांनी क्रीम लावायला सांगतात, कारण तिकडे चामडं सुकून तडकतं. आपल्याकडे ते सुकतच नाही. जास्तीचं क्रीम इथे उपकार नाही करत.

जून उजाडताना

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लॅम्बस्किन त्या चार महिन्यांत एसटीत नेऊ नका. त्या दिवसांसाठी आडवी घ्यायची चेनची नायलॉन बॅग ठेवा. नायलॉन म्हणजे हलक्यातलं, असं मानायचं कारण नाही. प्राडासारख्या कंपनीने १९८४ मध्ये नायलॉनची पाठपिशवी काढली आणि त्याच कापडावर नाव कमावलं.

मेअखेरीस, वळवाचे ढग दिसण्याआधी, कोरड्या दिवशी बॅग रिकामी करा. अस्तर बाहेर ओढून झटका, पुसा, पंख्याखाली एक दिवस उघडी ठेवा. आत साधा पांढरा कागद चुरगळून भरा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. साखळी मऊ कापडात गुंडाळून आत ठेवा, कारण वर तशीच ठेवलेली साखळी चार महिन्यांत चामड्यावर कड्यांचे खळगे पाडते. बॅग धुवट सुती पिशवीत, ती पिशवी रबराची कड असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास सुकवून पुन्हा वापरता येतात. ज्या भांड्यात सुकवाल ते स्वयंपाकाला वापरू नका. तांदळाची पुरचुंडी ठेवणारे ठेवतात, पण तांदूळ फारशी ओल घेत नाही आणि पोरकिडे मात्र आणतो. डांबराच्या गोळ्यांचा वास चामड्यातून वर्षभर जात नाही. आणि नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बॅग आतल्या आत घामेजते. तुमच्या आधीच्या पर्सचं बहुधा हेच झालं असावं.

दर पंधरा दिवसांनी डबा उघडून दाणे बघा. डबा जमत नसेल तर बॅग कपाटाबाहेर, आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, सुती पिशवीत लटकवा आणि आठवड्याला तासभर पंख्याखाली ठेवा.

इतकं करूनही पांढरा बुरा दिसला तर घाबरून ओलं फडकं फिरवू नका, त्याने तो पसरतो. तोंडाला रुमाल बांधून बॅग अंगणात किंवा पडवीच्या कडेला न्या, कोरड्या ब्रशने झटका, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण दिवस सुकवा. तो ब्रश पुन्हा धुळीसाठी वापरू नका. सकाळचं कोवळं ऊन दहा-पंधरा मिनिटं चालेल, दुपारचं नाही.

आणि अवेळी पावसात सापडलात तर? बॅगेच्या आतल्या कप्प्यात घडी केलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी कायम ठेवा, तेवढ्या वेळापुरती ती वरून चढवायची, घरी आल्यावर लगेच काढायची. तरी भिजलीच तर कोरड्या सुती कापडाने दाबून पाणी टिपा, घासू नका. आत पांढरा कागद भरा, दर दोन-तीन तासांनी बदला, सावलीत सुकू द्या. एक ते दीड दिवस लागतो. गॅसजवळ, चुलीवर किंवा केसांच्या ड्रायरने घाई केली तर चामडं आक्रसून कडक होतं. समुद्राचं पाणी उडालं असेल तर आधी गोड्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा, कारण पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं.

एक माप तुमच्या पत्रात नाही: साखळीची लांबी. साखळी खांद्यावर टाकून, खांद्यापासून बॅगेच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. पंचावन्न ते साठ सेंटिमीटर असेल तर आडवी घेता येईल. तीस-पस्तीस असेल तर ती फक्त खांद्याची बॅग आहे. मग ड्रेसच्या दिवशीही ती उजव्या खांद्यावरच राहणार, आणि एसटीत उभ्याने जाताना ती सतत काखेत दाबून धरावी लागेल. मधलं माप, पंचेचाळीसच्या आसपास, आलं तर साडीला ती कमरेशी लोंबकळते. साखळीची एक वेटोळी आत घेऊन बघा, बहुतेक बॅगांना त्याने दहा-बारा सेंटिमीटर कमी होतात. हे मोजमाप लेबल काढण्याआधीच घ्या.